किडनीचा दीर्घ आजार आणि मन

मूत्रपिंडाचे काम तीन महिन्यांहून अधिक काळ मंदावलेले राहिले, किंवा लघवीतून प्रथिने जाण्यासारखी बिघाडाची खूण तेवढाच काळ टिकली, की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. रक्त गाळण्याच्या वेगावरून त्याच्या पाच पायऱ्या केल्या जातात. निरोगी तरुण माणसात हा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरच्या आसपास असतो. तो १५च्या खाली उतरला की पाचवी पायरी. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या आजाराची दोन मुख्य कारणे. २०१७ साली जगात सुमारे ७० कोटी लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात होता, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता, कारण सुरुवातीच्या पायऱ्यांवर हा आजार फारशी कुरबुर करत नाही.

आजार कळतो तो अनेकदा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या रक्ततपासणीत. त्या दिवसापासून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचणाऱ्या द्रव्याचा, आकडा घरात बोलला जाऊ लागतो. तो वाढला की सगळ्यांचे चेहरे उतरतात, स्थिर राहिला की महिनाभर निश्चिंती. मात्र त्या आकड्याबरोबर रुग्णाच्या झोपेत, भुकेत, उमेदीत, नात्यांत आणि स्वतःविषयीच्या मतात जे बदल होतात त्यांची नोंद कुठल्याच रिपोर्टमध्ये होत नाही. ‘एवढं मोठं दुखणं, मन उदास होणारच’ हे वाक्य घरात बोलले जाते आणि वॉर्डातही. मन खचणे इतके अपेक्षित मानले गेले आहे की ते तपासण्याचे कोणाला सुचत नाही. ही समजूत रुग्णाचे फार मोठे नुकसान करते. कारण या उदासीची बरीचशी कारणे शोधता येतात, आणि त्यांतल्या पुष्कळशांवर उपाय आहेत.

नैराश्याचे प्रमाण

या विषयावरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. मानसोपचाराच्या पद्धतीने प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निदान केलेल्या अभ्यासांत डायलिसिसवरच्या रुग्णांपैकी सुमारे २३ टक्के जणांना नैराश्य आढळले होते. रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर विसंबले तर हेच प्रमाण ३९ टक्क्यांवर जात होते. भारतात ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधले त्या वेळचे नैराश्याचे प्रमाण २.७ टक्के निघाले होते. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकडे एकमेकांशेजारी ठेवताना जपून राहावे लागते, तरीही अंतर डोळ्यांत भरणारे आहे.

त्या आढाव्यातला दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावतो. डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णांमध्येही मुलाखतीने निदान झालेले नैराश्य २१ टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे मशीनशी जखडले जाणे हे एकमेव कारण धरता येत नाही. डायलिसिसची वाट पाहत काढलेली वर्षे मनावर जवळपास तेवढाच भार टाकतात, आणि त्या काळात रुग्ण दवाखान्यात दोन-तीन महिन्यांतून एकदाच, तोही काही मिनिटांसाठी येत असल्याने त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. चिंतेचे विकारही सर्रास आढळतात. फिस्टुल्यात (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने तयार केलेल्या हातातल्या रक्तवाहिनीत) सुया टोचण्याची भीती, डायलिसिसदरम्यान रक्तदाब एकदम खाली जाण्याचा धसका आणि पुढच्या तपासणीत काय निघेल ही धास्ती ही त्यांची नेहमीची रूपे.

ओळखणे अवघड का

थकवा, भूक मरणे, झोप न लागणे, वजन घटणे, लक्ष न लागणे, कामेच्छा कमी होणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. हीच लक्षणे रक्तात युरिया साचल्यानेही होतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. नैराश्य असताना डॉक्टर ते किडनीच्या खात्यावर टाकतात, किंवा केवळ युरियाने मलूल झालेल्या माणसाला मनाचा रुग्ण ठरवले जाते. याच अडचणीमुळे बेकची नैराश्य प्रश्नावली डायलिसिसच्या रुग्णांसाठी वापरताना निदानाची सीमा एरवीपेक्षा वर, १४ ते १६ गुणांच्या आसपास धरली जाते. ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली मात्र नेहमीच्याच १० गुणांच्या सीमेवर चांगले काम देते. ती मराठीतही वापरता येते आणि भरायला पाच मिनिटे पुरतात.

फरक कळतो तो शरीराच्या तक्रारींपलीकडच्या खुणांवरून. आवडत्या गोष्टीतला रस जाणे ही त्यांतली सर्वांत भरवशाची खूण. नातवंड समोर आले तरी चेहरा न हलणे, वर्षानुवर्षे ऐकलेले भजन किंवा पाहिलेली क्रिकेटची मॅच नकोशी होणे, हे युरियामुळे होत नाही. ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ हा विचार ठाण मांडून बसणे, स्वतःला दोष देत राहणे, पुढे काही चांगले घडेल यावरचा विश्वास उडणे याही तशाच खुणा. मराठी बोलणारा रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, जीव घाबरतो, कशातच मन लागत नाही, अंगात त्राण नाही, सगळं नको वाटतं. हे शब्द ऐकून पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन तपासणे योग्यच आहे, पण तेवढ्यावर थांबणे योग्य नाही.

काही वेळा नैराश्य वागण्यातून बोलते. डायलिसिसची पाळी चुकवणे, वेळ संपण्याआधी मशीन बंद करायला लावणे, गोळ्या मध्येच सोडणे, बंदी असलेले पदार्थ मुद्दाम खाणे याकडे हट्ट किंवा बेजबाबदारपणा म्हणून पाहिले जाते. रागावणे हा त्यावरचा सोपा प्रतिसाद. वारंवार असे होत असेल तर मन तपासणे हा अधिक उपयोगी प्रतिसाद ठरतो.

याच्या जोडीला बुद्धीच्या कामातली घट लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत ५५ वर्षांपुढच्या हिमोडायलिसिसच्या (मशीनने रक्त गाळण्याच्या) रुग्णांच्या एका अभ्यासात सुमारे ७० टक्के जणांची स्मरण, विचार आणि निर्णय यांची क्षमता मध्यम ते तीव्र प्रमाणात खालावलेली आढळली, आणि त्यांतल्या फारच थोड्यांच्या कागदांवर तशी नोंद होती. ही क्षमता डायलिसिस चालू असताना सर्वांत कमी असते असेही दिसले आहे. भारतातल्या बहुतेक केंद्रांत डॉक्टरांची फेरी नेमकी त्याच वेळी होते. गोळ्यांमधले बदल, फिस्टुल्याची शस्त्रक्रिया, प्रत्यारोपणाची चर्चा, सगळे रुग्ण मशीनवर असताना त्याला सांगितले जाते. पुढच्या खेपेला त्याने ‘कोणी सांगितलंच नाही’ म्हटले तर तो खोटे बोलत असतो असे नाही. महत्त्वाचे बोलणे डायलिसिस नसलेल्या दिवशी, घरच्या माणसाच्या समोर करावे आणि कागदावर लिहून द्यावे.

शरीरातून येणारी उदासी

किडनी रक्त गाळते, त्याबरोबर रक्तपेशी तयार करण्याचा संदेश देणारे एरिथ्रोपोएटिनही बनवते. ते कमी पडले की रक्तक्षय होतो आणि माणूस जिना चढतानाही थांबू लागतो. १९८९ साली हे संप्रेरक औषध म्हणून उपलब्ध झाले तेव्हा डायलिसिसवरच्या रुग्णांच्या आयुष्यात मोठा फरक पडला. वारंवार रक्त चढवणे टळले आणि अंगात बळ आले. मग हिमोग्लोबिन पूर्ण निरोगी पातळीवर नेले तर माणूस आणखी ताजातवाना होईल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. २००६ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी ती खोडून काढली. आकडा १३च्या वर नेण्याने रुग्णांना फारसे बरे वाटले नाही आणि पक्षाघातासारखे धोके वाढले. म्हणून आता इंजेक्शने देताना साधारण १० ते ११.५ ग्रॅमचे लक्ष्य ठेवतात.

झोप हा दुसरा मोठा धागा. रात्री पाय अस्वस्थ होणे, सतत हलवावेसे वाटणे, झोपेत श्वास अडखळणे आणि अंगाला खाज या तिन्ही गोष्टी किडनीच्या रुग्णांत फार आढळतात. खाजेला घरात कोणी आजार मानत नाही, दवाखान्यातही ती शेवटी सांगितली जाते, तीही विचारले तर. रात्रभर पाठ खाजवत जागणारा माणूस दिवसा चिडचिडा आणि खिन्न होणारच. फॉस्फरस आटोक्यात आणणे, डायलिसिस पुरेसे होते आहे का ते पाहणे, त्वचा कोरडी पडू न देणे आणि गरज पडल्यास गॅबापेंटिन अगदी कमी मात्रेत देणे, याने अनेकांना आराम पडतो. हे औषध किडनीवाटे बाहेर जात असल्याने नेहमीची मात्रा दिली तर गुंगी आणि गोंधळ होतो. ते स्वतःहून दुकानातून आणून घेण्याचे औषध नाही.

याशिवाय शरीरात सतत धुमसणारा दाह, आतड्यातल्या जिवाणूंपासून तयार होऊन किडनीअभावी साचणारी द्रव्ये, हाडांचे दुखणे, प्रत्यारोपणानंतरची स्टेरॉइड्स या सर्वांचा मेंदूवर परिणाम होतो. म्हणून उदास किडनी-रुग्णाकडे पाहण्याची सुरुवात त्याला धीर देण्याआधी हिमोग्लोबिन, झोप, खाज, वेदना आणि औषधांची यादी तपासण्यापासून व्हायला हवी.

डायलिसिसचा आठवडा

हिमोडायलिसिसचे प्रमाण वेळापत्रक आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास असे आहे. भारतात खर्चापायी अनेकजण दोनदाच घेतात. चार तास मशीनचे, पण येणे-जाणे, पाळीची वाट पाहणे, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बसणे धरले की दिवस संपतो. नंतरचा थकवा काहींना दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतो. ‘डायलिसिसनंतर सावरायला किती वेळ लागतो?’ हा एकच प्रश्न विचारून रुग्णाच्या जगण्याची बरीच कल्पना येते, असे अभ्यासकांना आढळले आहे. प्रत्येक वेळी फिस्टुल्यात दोन जाड सुया घालाव्या लागतात. आठवड्याला तीन वेळा म्हणजे वर्षाला तीनशेहून अधिक टोचणे.

पाण्याचा निर्बंध सर्वांत जिव्हारी लागतो. लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाला दिवसाकाठी चहा, आमटी, ताक, औषधाबरोबरचा घोट सगळे मिळून लिटरभराच्या आत राहावे लागते. ज्या मशीनला तो जोडलेला असतो त्यातून मात्र एका खेपेत सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी वाहून जाते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात ही मर्यादा पाळणे किती कठीण आहे हे वेगळे सांगायला नको. दोन डायलिसिसच्या मधे वजन तीन-चार किलोंनी वाढले की ‘पाणी जास्त प्यायलात’ म्हणून बोलणी बसतात. तहान मिठाने वाढते, हे त्या बोलण्यात राहून जाते. लोणचे, पापड, फरसाण, सुके बोंबील यांवर नियंत्रण आणले की पाण्यावरचे नियंत्रण सोपे होते. लहान भांड्यातून पिणे, चूळ भरणे, बर्फाचा खडा चघळणे यांचाही उपयोग होतो.

खाण्याच्या यादीत केळी, शहाळे, सुकामेवा आणि बऱ्याच पालेभाज्या पोटॅशियमपायी वर्ज्य किंवा मर्यादित होतात. डाळी-भाज्या जास्त पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे लागते. एकादशीच्या खिचडीतले बटाटे आणि शेंगदाणेही त्यात आले. हे निर्बंध जिवासाठी गरजेचे आहेत. पण महाराष्ट्रातल्या घरात प्रेम, पाहुणचार आणि सण हे सगळे ताटातून व्यक्त होते, आणि त्या ताटापासून माणूस बाजूला पडतो. एकाच घरात त्याची आमटी वेगळी, भाजी वेगळी. हळूहळू तो पंगतीला बसणेच टाळू लागतो. सगळ्या पदार्थांवर सरसकट फुली मारणारा छापील तक्ता हातात देण्याऐवजी रुग्णाच्या स्वतःच्या रक्ततपासणीवरून, त्याच्या घरी काय शिजते ते विचारून आखलेला आहार अधिक पाळला जातो. सणाच्या दिवशी काय आणि किती चालेल हेही आहारतज्ज्ञाने सांगायला हवे.

प्रवास आक्रसतो. गणपतीला कोकणात गावी जायचे तर जवळचे डायलिसिस केंद्र शोधायचे, तिथे पाळी मिळवायची, कावीळ ‘बी’ आणि ‘सी’चे ताजे रिपोर्ट न्यायचे, एवढी तयारी लागते. लग्नकार्यात एका दिवसापुरते तोंड दाखवून परत फिरावे लागते. नोकरी टिकणे अवघड होते; रोजंदारीवरचा माणूस आठवड्याचे तीन दिवस गमावतो आणि बरोबर येणाऱ्या घरच्या माणसाचीही मजुरी बुडते. २०१६ साली जाहीर झालेला पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महाराष्ट्रातली महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे डायलिसिसच्या खर्चाचा मोठा भार हलका झाला आहे. प्रवास, बाहेरच्या तपासण्या आणि बुडालेली कमाई यांची बेरीज तरीही उरते. घरातले दागिने गेले, मुलीचे शिक्षण थांबले, ही अपराधाची बोच पुष्कळ रुग्ण उराशी घेऊन जगतात.

डायलिसिसवर राहूनही अर्थपूर्ण काम करता येते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण जयप्रकाश नारायण यांचे. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेत त्यांची प्रकृती ढासळली आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्या किडन्या निकामी झाल्याचे निदान झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. १९७७च्या निवडणुकीतली त्यांची भूमिका याच काळातली. त्यांना लाभलेली देखभाल सामान्य रुग्णाच्या वाट्याला येत नाही, हे खरे. पण ज्या कामावर जीव आहे ते हातात असणे हे जगण्याच्या प्रतीत किती मोलाचे असते, ते या चार वर्षांतून दिसते. काम बदलून घेणे, अर्धवेळ काम, सकाळच्या पहिल्या किंवा रात्रीच्या पाळीला डायलिसिस असे मार्ग शोधणे हा त्यामुळे उपचाराचाच भाग मानायला हवा.

पोटातले डायलिसिस घरी करता येते. त्यात सुया नसतात, पाण्याचे आणि खाण्याचे निर्बंध बरेच सैल असतात, कामाच्या आणि शाळेच्या वेळा सांभाळता येतात. पिशव्यांचा पुरवठा, स्वच्छ जागा आणि पोटात जंतुसंसर्गाचा धोका या त्याच्या अडचणी. भारतात ते अजून फार थोडे रुग्ण निवडतात, आणि अनेकांना हा पर्याय असल्याचे नीट सांगितलेही जात नाही. कोणते डायलिसिस घ्यायचे हे रुग्णाने समजून उमजून ठरवलेले असले, की पुढचे दिवस सुसह्य होतात.

जे बोलले जात नाही

पुरुषांमध्ये लैंगिक दुर्बलता, स्त्रियांमध्ये अनियमित पाळी, कामेच्छा कमी होणे आणि वंध्यत्व या आजारात वारंवार आढळतात. दवाखान्यात यावर रुग्ण बोलत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, आणि नवरा-बायकोत अबोला वाढतो. याला शरीरातले बदल आणि काही औषधे कारण आहेत एवढे कळले तरी एकमेकांवरचा संशय निवळतो. त्यावर उपचारही असतात. तरुण मुलींच्या बाबतीत लग्न मोडण्याची भीती आजार लपवायला लावते. यशस्वी प्रत्यारोपणानंतर पाळी आणि प्रजननक्षमता बहुधा परत येते. गर्भधारणेसाठी निदान वर्षभर थांबून, औषधांत बदल करून मगच विचार करायला सांगतात.

मुलांची गोष्ट आणखी वेगळी. वाढ खुंटल्याने ती वर्गातल्या मुलांहून लहान दिसतात, शाळा बुडते, खेळ सुटतो. किशोरवयात औषधे गुपचूप टाकून देण्याचे प्रमाण वाढते आणि मिळालेली किडनी त्यापायी गमावली जाते. बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जाण्याचा काळ यासाठी विशेष धोक्याचा असतो.

जगण्याची प्रत मोजणे

१९६० साली सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या रक्तवाहिन्यांत कायमच्या बसवण्याची युक्ती काढली आणि किडनी गमावलेला माणूस वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू लागला. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स यानंतर दहा वर्षांहून अधिक जगले. मशीन मोजकी असल्याने ती कोणाला द्यायची हे ठरवायला तिथे नागरिकांची समिती नेमावी लागली, आणि उमेदवाराचे कुटुंब, नोकरी, समाजातले स्थान असे निकष त्यात शिरले. त्यावर झालेल्या वादातून वैद्यकीय नीतिशास्त्राचा मोठा भाग घडला. जीव वाचण्याचा प्रश्न थोडा मागे पडल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला: वाचलेले आयुष्य कसे आहे?

तो प्रश्न मोजण्यासाठी १९९०च्या दशकात अमेरिकेत ‘केडीक्यूओएल’ ही किडनी-रुग्णांसाठीची प्रश्नावली तयार झाली. तिच्या ३६ प्रश्नांच्या लहान रूपात चालणे-फिरणे, मनःस्थिती, लक्षणांचा त्रास, दैनंदिन जीवनावरचा परिणाम आणि आजाराचे ओझे यांबद्दल विचारले जाते. अमेरिकेत २००८च्या नियमांनंतर डायलिसिस केंद्रांना रुग्णांची अशी तपासणी नेमाने करावी लागते. उत्तरांचे वजन किती असते, हे अनेक देशांत चाललेल्या ‘डॉप्स’ या अभ्यासाने दाखवले. शारीरिक क्षमतेचे गुण सर्वांत कमी असलेल्या गटात मृत्यूचा धोका सर्वाधिक गुणांच्या गटाच्या जवळपास दुप्पट होता. नैराश्य असलेल्यांमध्ये मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणे दोन्ही अधिक आढळले. रुग्ण आपल्या प्रकृतीबद्दल जे सांगतो ते रक्ताच्या रिपोर्टइतकेच गांभीर्याने घ्यावे, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

संशोधकांची आणि रुग्णांची पसंती किती वेगळी असते हे ऑस्ट्रेलियातून चालवल्या गेलेल्या ‘साँग’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात दिसले. हिमोडायलिसिसच्या प्रत्येक चाचणीत काय मोजलेच पाहिजे, हे रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवले. हृदयविकार, रक्तवाहिनीची सोय आणि मृत्यू यांच्या पंक्तीला थकवा आला. तोवरच्या बहुतेक चाचण्यांनी तो मोजलाच नव्हता.

आत्महत्येचा धोका

अमेरिकेतल्या डायलिसिसच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा सुमारे ८४ टक्क्यांनी जास्त असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि डायलिसिसचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे होते. हाच काळ नवख्या रुग्णाला सर्वात गोंधळाचा असतो. ‘जगून काय उपयोग’ असे शब्द निघाले तर विषय बदलू नये. मरणाचे विचार येतात का, असे थेट विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. बोलायला वाट मिळते. अशा रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते.

उपचार

नैराश्यावरच्या गोळ्या किडनीच्या रुग्णांत किती गुण देतात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डायलिसिसवर नसलेल्या २०१ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्ट्रालिन आणि खोटी गोळी यांच्यात १२ आठवड्यांनंतर फरक पडला नाही. मळमळ आणि जुलाब मात्र सर्ट्रालिन घेणाऱ्यांना जास्त झाले. २०१९ मध्ये हिमोडायलिसिसच्या १२० रुग्णांवर सर्ट्रालिन आणि विचार-वर्तन उपचारपद्धती यांची तुलना झाली. समुपदेशक डायलिसिस चालू असताना खुर्चीशेजारी बसून हे उपचार देत होते. दोन्ही गटांत सुधारणा झाली, गोळीच्या गटात किंचित अधिक, पण दुष्परिणामही अधिक. यावरून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. त्या विचारपूर्वक, कमी मात्रेपासून, परिणाम तपासत द्याव्यात आणि गुण येत नसेल तर वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत, एवढे निघते. काही औषधे हृदयाच्या लयीवर परिणाम करतात, काहींनी रक्तस्राव वाढू शकतो, ड्युलॉक्सेटिन किडनी फार मंदावलेली असताना टाळतात, आणि लिथियम तर स्वतःच किडनीला इजा करू शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि किडनीतज्ज्ञ (नेफ्रॉलॉजिस्ट) यांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक ठरते.

विचार-वर्तन पद्धतीचा गाभा असा की ‘आता माझा काही उपयोग नाही’ यासारखा पक्का झालेला विचार तपासायचा आणि दिवसात छोटी, जमण्यासारखी कामे परत आणायची. डायलिसिसच्या चार तासांत हे करण्याची सोय मोठी आहे, कारण रुग्ण तिथे येतोच. भारतात प्रत्येक केंद्राला समुपदेशक मिळणे दूरची गोष्ट आहे. पण त्याच खुर्च्यांवर शेजारी-शेजारी बसणारे रुग्ण, रोज भेटणारे टेक्निशियन आणि सिस्टर यांच्यातून आधाराचे जाळे तयार होते. दोन वर्षे डायलिसिसवर असलेला माणूस नव्या रुग्णाला जे सांगू शकतो ते कोणा तज्ज्ञाला सांगता येत नाही.

व्यायामाच्या बाबतीत इटलीतली एक चाचणी उत्साह वाढवणारी होती: घरीच, ठरावीक वेगाने चालण्याच्या साध्या कार्यक्रमाने डायलिसिसच्या रुग्णांची चालण्याची क्षमता वाढली. ब्रिटनमध्ये मशीनवर असताना पायांनी सायकल चालवण्याच्या चाचणीत जगण्याची प्रत सुधारली नाही. आठवड्यातून सहा वेळा डायलिसिसची २०१० साली प्रसिद्ध झालेली अमेरिकी चाचणीही असेच संमिश्र चित्र देते. शारीरिक प्रकृतीचे गुण सुधारले, नैराश्यात ठळक फरक पडला नाही आणि फिस्टुल्याच्या तक्रारी वाढल्या.

प्रत्यारोपण आणि घर

प्रत्यारोपणाने बहुतेकांची जगण्याची प्रत डायलिसिसच्या मानाने स्पष्टपणे सुधारते. पाणी पोटभर पिता येते, प्रवास खुला होतो. तरीही २०१३च्या त्याच आढाव्यात प्रत्यारोपण झालेल्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला नैराश्य होते. किडनी नाकारली जाण्याची भीती, स्टेरॉइडने बदललेला चेहरा, आयुष्यभराच्या गोळ्या, आणि ज्याने किडनी दिली त्याच्या ऋणाचा भार हे सारे सोबत येते.

भारतात बहुतांश किडन्या जिवंत नातलगांकडून येतात. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने त्यासाठी जवळचे नातेवाईक ठरवून दिले आणि २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांची भर घातली. देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष हे आपल्याकडचे चित्र आहे. आई आणि बायको आनंदाने देतात हे अनेकदा खरेच असते. पण नकार देण्याची मोकळीक त्यांना होती का, हे सासरच्या माणसांसमोर विचारून कळत नाही. दात्याशी एकांतात, रुग्णावर उपचार न करणाऱ्या व्यक्तीने बोलायला हवे, आणि शस्त्रक्रियेनंतर दात्याच्या मनाचीही विचारपूस व्हायला हवी.

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांची झीज कोणी मोजत नाही. केंद्राबाहेरच्या बाकावर चार तास बसणारी बायको किंवा मुलगी स्वयंपाकाचे दोन प्रकार करते, औषधे सांभाळते, पैशाची जुळवाजुळव करते आणि स्वतःचे दुखणे अंगावर काढते. तपासणीच्या वेळी ‘तुम्ही कशा आहात?’ हा प्रश्न तिलाही विचारला जावा. पाळीपाळीने दुसऱ्या कोणी केंद्रावर यावे, ही व्यवस्था नातेवाइकांत आधीच ठरवून घेतली तर वर्षानुवर्षांचा भार वाटला जातो.

डायलिसिस न घेण्याचा पर्याय

फार वृद्ध आणि इतर आजारांनी जर्जर झालेल्या माणसाला डायलिसिसने काय मिळते, याचा अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू केल्यानंतर वर्षभरात त्यांतले ५८ टक्के दगावले, आणि फक्त १३ टक्क्यांची स्वतःची कामे स्वतः करण्याची पूर्वीची क्षमता टिकली. अशा रुग्णांसाठी डायलिसिसविना, लक्षणांवर नीट उपचार करत राहणे हा मान्य वैद्यकीय मार्ग आहे. त्यात रक्तक्षय, धाप, खाज, मळमळ, वेदना आणि झोप यांवर औषधे दिली जातात, पथ्य सैल केले जाते आणि रुग्ण शक्यतो घरी राहतो. हा मार्ग निवडणे म्हणजे उपचार सोडणे होत नाही, हे नातेवाइकांना समजावून सांगावे लागते. एरवी ‘आम्ही कमी पडलो’ ही टोचणी त्यांना पुढे वर्षानुवर्षे छळते.

हा निर्णय नैराश्यातून आला आहे की विचारपूर्वक, हे आधी तपासणे बंधनकारक मानले पाहिजे. नैराश्य असेल तर त्यावर उपचार करून पुन्हा विचारावे. काही वेळा ठरावीक महिन्यांपुरते डायलिसिस करून पाहायचे आणि मग पुढचे ठरवायचे, असाही करार रुग्ण आणि डॉक्टर करतात. आयुष्याच्या शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८च्या निकालाने मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता असा दस्तऐवज दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो. तो शुद्ध आणि स्थिर मनाने, किडनी पुरती थकण्याच्या आधी करून ठेवणे सोयीचे.